माळ्यावरचा स्पेक्ट्रम पुन्हा कसा चालू होतो?

जुलै २०२५ मध्ये ‘कमोडोर ६४’ पुन्हा विक्रीला येणार असल्याचं जाहीर झालं. हा घरगुती संगणक मुळात १९८२ चा. तेव्हा त्याची किंमत ५९५ डॉलर होती आणि मेमरी ६४ केबी. तो बनवणारी कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नंतर तिचं नाव या हातातून त्या हातात फिरत राहिलं. आता त्या नावाच्या नव्या मालकांनी काढलेला संगणक दिसायला थेट जुन्यासारखा आहे. जुनं कार्ट्रिज, म्हणजे प्रोग्रॅमची खोचायची डबी, त्यात बसतं, जुनी फ्लॉपी ड्राइव्ह त्याला जोडता येते. आतली मुख्य चिप मात्र या शतकातली आहे.

त्याच्या सव्वा वर्ष आधी अगदी उलटी बातमी आली होती. एप्रिल २०२४ मध्ये झायलॉग कंपनीने झेड८० या, स्पेक्ट्रमसारख्या जुन्या घरगुती संगणकांत असलेल्या प्रोसेसरची सुटी चिप बंद करत असल्याचं कळवलं आणि शेवटच्या ऑर्डरी नोंदवायला जूनपर्यंतची मुदत दिली. १९७६ पासून ही चिप विकली जात होती.

एकीकडे जुने भाग संपत चालले आहेत, दुसरीकडे जुने संगणक परत येत आहेत. ‘नव्या हार्डवेअरवर जुना संगणक चालवणं’ असं आपण सहज म्हणतो, पण त्यात निदान तीन अगदी वेगळी कामं येतात: बिघडलेला मूळ संगणक दुरुस्त करणं, चालू असलेल्या मूळ संगणकाला नवी जोड देणं, आणि मूळ संगणकाची नवी प्रतिकृती बनवणं. यांची सरमिसळ झाली की लोक चुकीची वस्तू विकत घेतात, किंवा घरातलं चांगलं यंत्र उत्साहात जाळून बसतात.

आपल्याकडे कोणती यंत्रं आली?

त्या काळातल्या दोन ब्रिटिश संगणकांचा भारताशी थेट संबंध आहे, म्हणून उदाहरणं मुख्यतः त्यांचीच घेतो.

पहिला झेडएक्स स्पेक्ट्रम. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने तो २३ एप्रिल १९८२ रोजी आणला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. बटणं रबराची, पडदा म्हणून घरातला टीव्ही, प्रोग्रॅम साठवायला घरातलाच टेपरेकॉर्डर. चालू केला की क्षणभरात बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहायला तयार. १९८४ मध्ये कडक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस आला, आणि डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने त्याचीच परवानाकृत आवृत्ती १९८६ मध्ये ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने इथे काढली.

दुसरा बीबीसी मायक्रो. तोही केंब्रिजचाच, एकॉर्न कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये आणलेला. लोकांना संगणक शिकवण्याच्या बीबीसीच्या उपक्रमासाठी तो बनला होता. भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला तेव्हा निवडक शाळांत हाच संगणक गेला. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने तो ‘एससीएल युनिकॉर्न’ या नावाने बनवलाही. त्यावर बेसिक शिकलेली मुलं आज पन्नाशीत आहेत. काही घरांत आणि काही शाळांच्या अडगळीच्या खोल्यांत ही यंत्रं अजून पडून असतील.

आत नेमकं काय असतं?

स्पेक्ट्रमच्या आत एकच बोर्ड आहे, आणि त्यावर चार गोष्टी ओळखता आल्या की पुढचं सगळं समजतं.

झेड८० हा प्रोसेसर. तो सेकंदाला ३५ लाख टिकटिकींच्या तालावर चालतो. आजच्या साध्या मोबाइलमध्ये हाच आकडा अब्जांत असतो. मग १६ केबीची रॉम, म्हणजे कायमची कोरलेली मेमरी. बेसिक भाषा आणि टेप वाचण्याची पद्धत तिच्यात आहे. तिसरी रॅम, वीज गेली की पुसली जाणारी मेमरी. आणि चौथी यूएलए.

ही यूएलए सगळ्यात महत्त्वाची. फेरांती कंपनीच्या कारखान्यात खास याच संगणकासाठी बनलेली ही चिप टीव्हीवर चित्र काढते, बटणं वाचते, टेपचा आवाज ऐकते आणि स्पीकर वाजवते. बोर्डावर पसरली असती अशी डझनावारी चिप्सची कामं तिच्यात कोंबली म्हणून तर स्पेक्ट्रम १२५ पौंडांत देता आला. पण त्याची दुसरी बाजू अशी, की झेड८० किंवा रॅम दुसऱ्या कुठल्याही यंत्रातून काढून आणता येते. यूएलए मात्र दुसरा स्पेक्ट्रम फोडल्याशिवाय मिळत नव्हती.

चाळीस वर्षांत काय बिघडतं?

चिप्सपेक्षा आधी बिघडतात त्या साध्या गोष्टी.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून तिचे चढउतार सपाट करणारे छोटे डबे, आतला द्रव सुकल्यामुळे निकामी होतात. रबरी बटणांखाली प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्यावर छापलेल्या रेषांतून कोणतं बटण दाबलं ते कळतं. त्याची बोर्डात खोचलेली पट्टी कडक होते आणि कीबोर्ड नुसता उचलला तरी तुटते. बाहेरच्या ९ व्होल्टमधून ५ व्होल्ट काढणारा ७८०५ हा भाग उरलेली सगळी वीज उष्णतेत घालवतो, आणि ती उष्णता आजूबाजूच्या भागांचं आयुष्य कमी करते.

स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६ केबी रॅमचं दुखणं वेगळंच आहे. या आठ चिप्सना एक नाही, तीन व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि −५. ती बनवणारं छोटं सर्किट बिघडलं आणि −५ नाहीसं होऊन +१२ तसंच राहिलं, तर चिप्स जळतात. उरलेल्या ३२ केबीची गोष्ट मला फार आवडते. सिंक्लेअरने त्यासाठी ज्या चिप्स वापरल्या त्या दुप्पट क्षमतेच्या, पण अर्ध्या भागात दोष असलेल्या होत्या. कोणता अर्धा चांगला आहे त्याप्रमाणे बोर्डावर एक तार लावायची, झालं काम. किंमत खाली ठेवायची तर किती विचार करावा लागतो ते या बोर्डावर उघड दिसतं.

बीबीसी मायक्रोमध्ये पहिला धोका वीजपुरवठ्यात आहे. त्यातले मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, तोंडाशी असलेले कागदी कपॅसिटर एका पारदर्शक पिवळट आवरणात असतात. आवरणाला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते, आणि अनेक वर्षांनी वीज लावली की धूर आणि भयंकर वास येतो. मुंबईच्या किंवा कोकणातल्या हवेत चाळीस पावसाळे काढलेल्या यंत्रात ते कपॅसिटर धड असतील असं मी धरूनच चालणार नाही. त्यांच्या जागी आजचे एक्स२ वर्गाचे कपॅसिटर बसतात. ते स्वस्त असतात, पण हे काम मेन्सच्या बाजूचं आहे आणि वायर काढल्यावरही आत वीज साठून राहते. वीजपुरवठे दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच ते द्यावं.

दुरुस्तीतला नवा माल

इथे नवं हार्डवेअर पहिल्यांदा आत येतं, तेही गाजावाजा न करता. ७८०५ च्या जागी तेवढ्याच आकाराचा, तीनच पायांचा नवा स्विचिंग रेग्युलेटर बसतो आणि जवळजवळ तापत नाही. तीन व्होल्टेज मागणाऱ्या आठ रॅम चिप्सऐवजी एकच नवी रॅम असलेली छोटी पट्टी बसवता येते. तिला फक्त ५ व्होल्ट पुरतात, म्हणजे ते नाजूक सर्किट बिघडलेलं असलं तरी अडत नाही. कीबोर्डचे नवे पापुद्रे आजही छापून मिळतात.

आणि यूएलए? क्रिस स्मिथ या अभियंत्याने या चिपच्या अंतरंगाचा अभ्यास करून तिच्यातलं सर्किट उलगडलं. फेरांतीचा आराखडा बाहेर कुणाकडे नव्हता. जे हाती होतं ते म्हणजे प्रत्यक्ष चिप. या अभ्यासामुळे बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या लॉजिक चिप्स वापरून, यूएलएशिवाय चालणारा ‘हार्लेक्विन’ हा स्पेक्ट्रम बनवता आला, आणि यूएलएच्या जागी खोचता येतील असे आजचे पर्यायही पुढे निघाले. माझ्या मते या सगळ्या चळवळीतलं सर्वांत मोलाचं काम हेच. बदली चिप आज ना उद्या संपेल, पण ती कशी चालते ते एकदा नीट कळलं की ती पुन्हा पुन्हा बनवता येते.

टेपरेकॉर्डरची जागा मेमरी कार्ड कसं घेतं?

स्पेक्ट्रम प्रोग्रॅम टेपवर आवाजाच्या रूपात ठेवतो. शून्यासाठी साधारण २,००० हर्ट्झचा सूर, एकासाठी साधारण १,००० चा. ४८ केबी भरायला जवळजवळ पाच मिनिटं जातात. आज टेपरेकॉर्डर सहज मिळत नाही, मग काय करायचं?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे तोच आवाज मोबाइलवरून वाजवायचा. टेपची संगणकीय नोंद ध्वनीच्या फाइलमध्ये बदलून मोबाइल टेपच्या सॉकेटला वायरने जोडला की स्पेक्ट्रमला काही फरक कळत नाही. आवाज पूर्ण वाढवावा लागतो आणि मध्ये फोन आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरा उपाय स्पेक्ट्रमच्या मागे असलेल्या जोडणीच्या पट्टीला लावायच्या ‘डिव्हएमएमसी’ सारख्या जोडणीचा. तिच्यात मोबाइल किंवा कॅमेऱ्यात घालतो तसलं एसडी कार्ड असतं. ती काम कसं करते ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. रॉममध्ये टेप वाचण्याचा जो भाग आहे, त्याच्या सुरुवातीपाशी १३७८ क्रमांकाचा पत्ता, म्हणजे मेमरीतली जागा, येतो. ही जोडणी प्रोसेसर कोणता पत्ता मागतोय याच्यावर सतत नजर ठेवून असते. त्या पत्त्यावर प्रोसेसर पोचला की ती मूळ रॉम बाजूला सारून स्वतःचा प्रोग्रॅम पुढे करते, कार्डावरची माहिती थेट रॅममध्ये ओतते, आणि मूळ रॉम परत जागेवर आणते. ज्या प्रोग्रॅमने टेप मागितली त्याला टेपच मिळाली असं वाटतं, फक्त पाच मिनिटांऐवजी क्षणात. ३२ जीबीच्या एका कार्डावर ४८ केबीचे सहा लाखांहून जास्त प्रोग्रॅम मावतील. स्पेक्ट्रमसाठी आजवर लिहिलेलं सगळं त्यात बसून जागा उरेल.

मर्यादाही सांगायला हवी. कॉपी होऊ नये म्हणून काही गेम्सनी रॉममधला भाग न वापरता टेप वाचण्याची स्वतःची पद्धत लिहिली होती. त्यांच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. तिथे आवाजाचाच मार्ग घ्यावा लागतो, किंवा गेम एकदा रॅममध्ये भरल्यानंतरची पूर्ण स्थिती फाइलमध्ये टिपून ती वापरावी लागते.

५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट

नवी चिप सरळ जुन्या बोर्डाला जोडली तर काय होईल, हा प्रश्न ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांच्याकडून हमखास येतो. उत्तर: बहुधा नवी चिप मरेल.

जुन्या यंत्रात ‘एक’ म्हणजे ५ व्होल्टच्या आसपास. आजच्या बहुतेक चिप्समध्ये तो ३.३ व्होल्ट असतो. नवीने पाठवलेले ३.३ व्होल्ट जुनीला कळतात, कारण २ व्होल्टच्या वर असेल ते सगळं ती ‘एक’ मानते. उलट दिशेने मात्र ५ व्होल्ट आले की नवीच्या सहनशक्तीपलीकडे जातात. म्हणून दोघींमध्ये व्होल्टेज बदलणारी चिप घालावी लागते. चाळीस वर्षांची चिप नव्या माणसांना नाजूक वाटते, प्रत्यक्षात या जोडीत नाजूक बाजू नव्या चिपची आहे.

रास्पबेरी पाय बीबीसी मायक्रोला जोडतात तेव्हा

या सगळ्या प्रकारांत मला मनापासून भावणारं उदाहरण बीबीसी मायक्रोचं आहे.

त्या संगणकाच्या पोटाखाली ‘ट्यूब’ नावाचं एक पोर्ट आहे. त्याला दुसरा प्रोसेसर जोडायचा. मूळ संगणकाने बटणं आणि पडदा सांभाळायचा, हिशेबाचं काम दुसऱ्याने करायचं. ही सोय एकॉर्नने पहिल्यापासून ठेवली होती. पुढे त्याच कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःचा प्रोसेसर आखला. त्याची पहिली चालणारी चिप एप्रिल १९८५ मध्ये हाती आली, आणि १९८६ मध्ये तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना दिला गेला तेव्हा तो बीबीसी मायक्रोच्या याच ट्यूब पोर्टला जोडायचा होता. त्या प्रोसेसरचं नाव एआरएम. आज तुमच्या खिशातला मोबाइल त्याच घराण्याच्या प्रोसेसरवर चालतो.

रास्पबेरी पाय हा क्रेडिट कार्डाएवढा संगणकही केंब्रिजचा आणि त्याचाही प्रोसेसर एआरएमच. त्याची ‘झीरो’ ही छोटी आवृत्ती २०१५ मध्ये पाच डॉलरला आली. ‘पायट्यूबडायरेक्ट’ या मुक्त, म्हणजे आराखडे सगळ्यांना खुले असलेल्या, प्रकल्पात हा पाय, मध्ये व्होल्टेज बदलणारी छोटी पट्टी घालून, त्याच ट्यूब पोर्टला जोडतात. मग बीबीसी मायक्रोला वाटतं की त्या काळातला दुसरा प्रोसेसर जोडला आहे; तो बीबीसी मायक्रोमध्येच असलेला ६५०२ असेल, झेड८० असेल किंवा जुना एआरएम असेल, आपण निवडू तो. वेग मूळच्या कितीतरी पट. कुठेही भोक पाडावं लागत नाही, कुठलाही मूळ भाग काढावा लागत नाही. मूळ आखणाऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी ठेवलेल्या दारातूनच नवं यंत्र आत येतं.

जुन्या संगणकाचं चित्र आजच्या टीव्हीवर कसं आणायचं, हा प्रश्नही त्याच छोट्या पायने सुटतो. जुन्या संगणकाचा रंगांचा संकेत योग्य क्षणी टिपून एचडीएमआयमध्ये बदलणारी ‘आरजीबी टू एचडीएमआय’ ही जोडणी बीबीसी मायक्रोच्या चाहत्यांतूनच निघाली आणि मग इतर अनेक संगणकांपर्यंत पोचली.

एमुलेटर, एफपीजीए: फरक काय?

आता प्रतिकृतींकडे. इथे दोन शब्द लागतात.

एमुलेटर म्हणजे आजच्या संगणकावर चालणारा असा प्रोग्रॅम, जो जुन्या संगणकासारखं वागतो. एफपीजीए ही अशी चिप, जिच्यातली हजारो छोटी सर्किटं कशी जोडायची ते ती बनल्यानंतरही ठरवता येतं. आज तिच्यात स्पेक्ट्रमचं सर्किट भरा, उद्या कमोडोरचं.

एकपात्री प्रयोग डोळ्यांसमोर आणा. एकच नट आधी सासू होतो, मग सून, मग दारातला पोस्टमन. इतक्या चटकन, की प्रेक्षकाला तिघेही दिसतात. एमुलेटर असा चालतो: झेड८० चं थोडं काम, मग यूएलएचं, मग स्पीकरचं, आणि पुन्हा झेड८० चं. एफपीजीएमध्ये मात्र प्रत्येक भूमिकेला वेगळा नट असतो आणि सगळे एकाच वेळी रंगमंचावर असतात.

हे महत्त्वाचं का? कारण मूळ यंत्रातही सगळं एकाच वेळी चालतं, आणि भाग एकमेकांना अडवतात. स्पेक्ट्रमची पहिली १६ केबी रॅम झेड८० आणि यूएलए दोघांत वाटलेली आहे. यूएलएला चित्रासाठी माहिती हवी असेल तेव्हा ती झेड८० ची टिकटिक चक्क थांबवून धरते. एका चित्रात बरोबर ६९,८८८ टिकटिकी असतात आणि सेकंदाला सुमारे ५० चित्रं. स्पेक्ट्रमवर ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग वापरता येतात; काही प्रोग्रॅमर हे टिकटिकींचं गणित पाठ करून, चित्र उमटत असतानाच रंग बदलून ही मर्यादा मोडत. एका टिकटिकीची चूक झाली तरी ते चित्र विस्कटतं.

२०१७ मध्ये लोकवर्गणीतून सात लाखांहून जास्त पौंड उभे करून २०२० मध्ये लोकांच्या हाती आलेला ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ एफपीजीएवर आहे. त्याचं बाह्यरूप रिक डिकिन्सन यांनी आखलं, मूळ स्पेक्ट्रमचंही त्यांनीच आखलं होतं. २०१८ मध्ये ते गेले, तयार यंत्र त्यांना पाहता आलं नाही. लेखाच्या सुरुवातीचा नवा कमोडोरही एफपीजीएचाच. याउलट नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ‘द स्पेक्ट्रम’ रबरी बटणांसह हुबेहूब दिसतो, पण आत एमुलेटर आहे. विकत घेण्याआधी हा फरक विचारून घ्यावा.

एफपीजीए म्हणजे आपोआप अचूक, असं समजू नका. नट कितीही असोत, संहिता चुकीची असेल तर प्रयोग चुकणारच. मूळ चिपचा अभ्यास ज्याने नीट केला त्याची प्रतिकृती चांगली, मग ती कुठल्याही पद्धतीची असो. उत्तम एमुलेटर सामान्य एफपीजीएपेक्षा जास्त अचूक असू शकतो.

मग मोबाइलवरचा फुकट एमुलेटर का नको?

हवाच. गेम खेळून पाहायचा, जुना प्रोग्रॅम वाचायचा, मुलांना बेसिक दाखवायचं, तर एमुलेटर पुरेसा आहे आणि सुरुवात तिथूनच करावी.

पण काही गोष्टी त्यात येत नाहीत. बटण दाबल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंत आजच्या यंत्रात अनेक टप्पे आड येतात, त्यामुळे किंचित उशीर होतो आणि चपळाईच्या खेळात तो जाणवतो. तुमच्याकडची जुनी कार्ट्रिज, प्रिंटर, घरी बनवलेलं सर्किट मोबाइलला लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एमुलेटर बरोबर आहे की नाही हे ताडून पाहायला चालू स्थितीतला मूळ संगणक कुठेतरी असावाच लागतो. सगळी मूळ यंत्रं बंद पडली तर प्रतिकृतींची तुलना फक्त दुसऱ्या प्रतिकृतींशीच करता येईल.

शिकण्याच्या दृष्टीनेही मला मूळ यंत्राचं मोल वाटतं. स्पेक्ट्रम किंवा बीबीसी मायक्रो एका माणसाला संपूर्ण समजू शकतो, वीज आत येते तिथपासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आजच्या मोबाइलमध्ये ती संधी नाही.

नवे भाग घातल्यावर तो जुना संगणक उरतो का?

हा आक्षेप मला योग्य वाटतो, आणि त्याचं उत्तर भागांच्या मोजणीत नाही. मी एकच कसोटी लावतो: बदल परत काढता येतो का?

सुकलेला कपॅसिटर बदलणं ही देखभाल आहे, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. मागच्या पट्टीला लावलेलं कार्ड उद्या काढून ठेवता येतं. चिप सॉकेटमध्ये बसवली तर मूळ चिप पाकिटात जपता येते. पण एचडीएमआयच्या सॉकेटसाठी मूळ आवरणाला भोक पाडलं, किंवा नुसतं आवरण ठेवून आत रास्पबेरी पाय घातला आणि चालू बोर्ड फेकून दिला, तर ते कायमचं. मेलेल्या बोर्डाच्या रिकाम्या आवरणात पाय बसवायला माझी हरकत नाही. चालू बोर्ड काढून तसं करणं मला पटत नाही, विशेषतः डीबी स्पेक्ट्रम प्लस किंवा युनिकॉर्नसारख्या भारतीय आवृत्तीच्या बाबतीत, कारण त्यांची जागा भरून काढणारा नवा माल जगात कुठेच बनत नाही.

हे कायदेशीर आहे का?

दुरुस्ती आणि जोडण्यांचा प्रश्नच नाही. प्रश्न येतो तो सॉफ्टवेअरचा. सिंक्लेअरचे संगणक आणि नाव अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६ मध्ये ५० लाख पौंडांना घेतलं. १९९९ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने स्वतःचा हक्क राखून स्पेक्ट्रमची रॉम एमुलेटरसोबत फुकट वाटायला परवानगी दिली. गेम्सचं तसं नाही. काही हक्कधारकांनी मोकळीक दिली, काहींनी नाकारली. भारतीय कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे ‘जुना झाला, आता सगळ्यांचा’ हे इथे लागू होत नाही. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम मात्र तुमचाच.

हे नवे भागही जुने होतीलच ना?

होतील. एफपीजीए चिप्सची मॉडेलं बंद होतात, एसडी कार्डं मरतात. पण या पिढीच्या कामात एक फरक आहे: आराखडे उघडे आहेत. अनेक जुन्या संगणकांची सर्किटं एकाच एफपीजीए बोर्डावर आणणारा ‘मिस्टर’ प्रकल्प आणि पायट्यूबडायरेक्ट दोन्ही मुक्त आहेत. आजची चिप गेली तर तेच वर्णन उद्याच्या चिपमध्ये भरता येतं. कमोडोर ६४ आणि बीबीसी मायक्रो ज्या प्रोसेसरच्या घराण्यातले, त्या ६५०२ ची सुधारित आवृत्ती तर अमेरिकेची वेस्टर्न डिझाइन सेंटर ही कंपनी आजही विकते. झेड८० बंद झाल्याची बातमी आल्यावर मुक्त आराखड्यातून तशी चिप बनवण्याचे प्रयत्नही लगेच सुरू झाले.

तुमच्या घरी असा संगणक असेल तर

पहिली गोष्ट, तो लगेच चालू करून पाहू नका.

स्पेक्ट्रमच्या अ‍ॅडॅप्टरची पिन उलट्या ध्रुवाची असते: मधला भाग ऋण, बाहेरचा धन. आज दुकानात मिळणारे बहुतेक अ‍ॅडॅप्टर नेमके याच्या उलट असतात. ‘९ व्होल्टच तर आहे’ म्हणून राउटरचा लावला तर नुकसान ठरलेलं. मूळ अ‍ॅडॅप्टर असेल तर संगणकाला जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासा. मग झाकण उघडून ५ व्होल्ट येतात का, आणि रॅमची तिन्ही व्होल्टेज आहेत का ते बघा. कीबोर्डच्या पट्ट्या ओढू नका. कपॅसिटर आणि रेग्युलेटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात; रॅमची पट्टी आणि कीबोर्डचा पापुद्रा बहुधा परदेशातून मागवावा लागेल. बीबीसी मायक्रो असेल तर वीजपुरवठ्याचे कपॅसिटर बदलल्याशिवाय मेन्सला लावूच नका.

दुसरी गोष्ट, यंत्राआधी कॅसेट बघा. बाजारात विकले गेलेले गेम्स बहुतेक सगळे जगात कुणी ना कुणी जपून ठेवले आहेत. पण १९८७ मध्ये शाळेतल्या मुलीने लिहिलेला मराठी अक्षरं काढणारा प्रोग्रॅम, किंवा वडिलांनी दुकानाच्या हिशेबासाठी केलेला, त्या एका टेपवरच असणार. संगणक बंद असला तरी ती वाचवता येते. चालू टेपरेकॉर्डर मिळवा, त्याचं टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसा, टेप एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून सैल करा. मग इअरफोनच्या सॉकेटमधून संगणकात रेकॉर्ड करा: वेव्ह फाइल, मोनो, ४४,१०० हर्ट्झ. एमपी३ करू नका, कारण माणसाच्या कानाला नको असलेला तपशील ते फेकून देतं आणि इथे ऐकणारा कान यंत्राचा आहे. आवाज ‘स्वच्छ’ करणारं कुठलंही फिल्टर लावू नका. दोन्ही बाजू, पूर्ण लांबीच्या, निदान दोनदा. टेपवर खडूसारखी पांढरी बुरशी दिसत असेल तर मात्र ती वाजवू नका. आधी कोरड्या जागी ठेवा आणि ध्वनिफिती साफ करणाऱ्या माणसाला दाखवा.